थ्रीडी प्रिंट केलेला धातू तापल्यावर किती टिकतो? फोनपासून रॉकेट इंजिनापर्यंत सोप्या भाषेत

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन एअरचा यूएसबी-सी पोर्ट थ्रीडी प्रिंट केलेल्या टायटॅनियमचा आहे. त्याच वेळी आलेल्या ॲपल वॉच अल्ट्रा ३ ची केसही अशीच छापलेली आहे. म्हणजे धातूची छपाई आता लॅबपुरती राहिलेली नाही, ती थेट खिशात आणि मनगटावर आली आहे.

तासभर गेम खेळलात की फोन गरम होतो. हाताला चटका बसल्यासारखं वाटतं, पण तेव्हाही तो ४०-४५ अंशांच्या आसपासच असतो. टायटॅनियम वितळायला साधारण १,६६८ अंश लागतात, त्यामुळे फोनची ही गरमी त्याला जाणवतही नाही.

मात्र हेच तंत्रज्ञान रॉकेटच्या इंजिनात, विमानाच्या जेट इंजिनात आणि वीज बनवणाऱ्या टर्बाइनमध्येही वापरलं जातं. तिथला धातू लालबुंद होईल इतका तापतो आणि तशा अवस्थेतच त्याला प्रचंड ताण सहन करावा लागतो. तिथे छापलेला धातू टिकतो का? या लेखात तेच समजून घेऊया. (सगळं तापमान अंश सेल्सियसमध्ये आहे. जिथे केल्विन आहे तिथे तसं लिहिलं आहे.)

## थोडक्यात

- छापलेला धातू थंड असताना बऱ्याचदा साध्या ओतीव धातूपेक्षा मजबूत असतो. पण त्यावरून तो तापल्यावरही मजबूत राहील असं म्हणता येत नाही.
- ज्या बारीक रचनेमुळे तो थंडीत मजबूत असतो, तीच रचना उष्णतेत त्याला कमजोर करू शकते.
- छपाईनंतरची हीट ट्रीटमेंट म्हणजे अर्धं काम. ती चुकली तर पार्ट दिसायला तसाच दिसतो, पण टिकत नाही.
- छपाईचा सगळ्यात मोठा फायदा आकारात आहे: आतून थंड राहील असा पार्ट बनवता येतो.

## धातू छापतात कसा?

पद्धती बऱ्याच आहेत. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे लेझर पावडर बेड. तिच्यात काय होतं ते पाहा:

१. मशीनच्या बंद पेटीत आरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरतात, म्हणजे तापलेल्या धातूला ऑक्सिजन लागत नाही.
२. धातूच्या बारीक पावडरचा एक पातळ थर पसरतात. पावडरचा दाणा साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचा आणि थर ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी.
३. जिथे पार्ट हवा आहे तिथेच लेझर फिरतो आणि पावडर वितळवतो.
४. प्लेट एक थर खाली जाते, नवी पावडर पसरते, लेझर पुन्हा फिरतो. असे शेकडो किंवा हजारो थर.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, वितळलेला ठिपका अतिशय छोटा असतो आणि तो विजेच्या वेगाने थंड होतो. हा वेग सेकंदाला लाखो अंश इतका असू शकतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत साच्यात ओतलेला रस निवायला मिनिटं किंवा तास लागतात. इथे सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो.

दुसरी गोष्ट, नवा थर वितळताना खालचा थरही थोडा पुन्हा वितळतो, आणि उष्णता मुख्यतः खालच्या दिशेने निघून जाते. त्यामुळे धातूचे स्फटिक थराथरातून वर वर वाढत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली ते उभ्या लांबट खांबांसारखे दिसतात.

## तापल्यावर धातूत काय होतं?

धातू तापला की त्याची ताकद कमी होते हे सगळ्यांना माहीत आहे. लोहार लोखंड तापवूनच घाव घालतो. पण इंजिनात खरी अडचण वेगळीच असते. तिचं नाव क्रीप.

क्रीप म्हणजे काय? ताण धातूच्या ताकदीपेक्षा कमी आहे, धातू लगेच तुटत नाही, वाकतही नाही. पण तोच ताण तासन्‌तास, दिवसेंदिवस राहिला तर धातू हळूहळू लांबत जातो आणि शेवटी तुटतो. घरातलं उदाहरण घ्या. प्लॅस्टिकच्या रॅकवर वजनदार पुस्तकं ठेवली तर पहिल्या दिवशी काही होत नाही. वर्षभराने बघितलं तर फळी मधे झोळ खाल्लेली असते. वजन तेवढंच होतं, वाढला तो फक्त वेळ.

धातूत हे कधी सुरू होतं? एक सोपा ठोकताळा आहे: धातूचा वितळबिंदू केल्विनमध्ये घ्या आणि त्याचे ४० टक्के काढा. त्याच्या वर गेलं की क्रीपकडे लक्ष द्यावं लागतं. केल्विन काढायचा म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवायचे.

- शिसं: वितळबिंदू ३२७ अंश, म्हणजे ६०० केल्विन. ४० टक्के म्हणजे २४० केल्विन, म्हणजे शून्याखाली ३३ अंश. म्हणून शिशाचे जुने पाइप साध्या हवेतसुद्धा स्वतःच्या वजनाने झोळ खातात.
- ॲल्युमिनियम: ६६० अंश, म्हणजे ९३३ केल्विन. ४० टक्के म्हणजे साधारण १०० अंश. उकळत्या पाण्याइतकंच!
- टायटॅनियम: १,६६८ अंश. ४० टक्के म्हणजे साधारण ५०० अंश. म्हणून फोनमधल्या टायटॅनियमची काळजी नको.

हा फक्त शुद्ध धातूंसाठीचा अंदाज आहे. मिश्रधातूंमध्ये वेगवेगळे घटक घालून ही मर्यादा बरीच पुढे ढकलता येते. जेट इंजिनांत वापरले जाणारे निकेलचे सुपरअलॉय नेमके याच कामासाठी बनवलेले आहेत.

## बारीक कण: थंडीत मित्र, उष्णतेत वैरी

धातूचा तुकडा बाहेरून एकसंध दिसतो, पण आत तो असंख्य छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो. या स्फटिकांना कण म्हणूया आणि दोन कणांमधल्या सांध्याला कणसीमा.

साध्या तापमानाला कणसीमा अडथळ्यासारख्या काम करतात. धातू वाकताना स्फटिकाच्या आत अणूंच्या रांगा सरकतात, आणि कणसीमा आली की त्यांना अडतं. म्हणजे कण जितके बारीक, तितक्या सीमा जास्त, तितका धातू मजबूत. छपाईत धातू झटकन थंड होतो, त्यामुळे आतली रचना अतिशय बारीक राहते. छापलेला धातू थंड चाचणीत चांगले आकडे दाखवतो, त्याचं हे एक मोठं कारण.

आता तापमान वाढवा. कल्पना करा, अंगणात फरशा बसवल्या आहेत आणि सांधे डांबराने भरले आहेत. थंडीत डांबर कडक असतं, सगळं घट्ट. मे महिन्याच्या दुपारी डांबर मऊ होतं आणि फरशा एकमेकींवरून सरकायला लागतात. आता ज्या अंगणात छोट्या फरशा आणि जास्त सांधे आहेत, तेच जास्त सरकणार.

तापलेल्या धातूत कणसीमांचं असंच होतं. तिथले अणू आतल्या अणूंपेक्षा सहज हलतात, कण एकमेकांवरून घसरतात, सीमांवर बारीक पोकळ्या तयार होतात, त्या जोडल्या गेल्या की तडा जातो. म्हणून क्रीपसाठी मोठे कण चांगले, आणि कणसीमाच नसतील तर सगळ्यात उत्तम. जेट इंजिनाच्या सगळ्यात तापणाऱ्या भागातली पाती एकाच स्फटिकाची बनवतात ती याचसाठी. त्यांना सिंगल क्रिस्टल पाती म्हणतात आणि ती खास पद्धतीने, अगदी सावकाश ओतली जातात. जर्मनीतल्या अर्लांगन विद्यापीठातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन बीमने असे एकस्फटिक नमुने छापूनही दाखवले आहेत, पण कारखान्यात अजून ओतकामाचंच राज्य आहे.

## इन्कोनेल ७१८ चं उदाहरण

थ्रीडी प्रिंटिंगच्या जगात उष्णतेसाठी सगळ्यात जास्त अभ्यासलेला मिश्रधातू म्हणजे इन्कोनेल ७१८. तो जुना आहे, १९६० च्या आसपासचा. यात साधारण निम्मं निकेल, १७ ते २१ टक्के क्रोमियम, ५ टक्क्यांच्या आसपास नायोबियम, थोडं मॉलिब्डेनम, टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि उरलेलं बहुतेक लोखंड असतं.

याची ताकद येते नायोबियममुळे. योग्य तापमानाला ठरावीक तास ठेवलं की निकेल आणि नायोबियमचे अतिसूक्ष्म कण धातूभर तयार होतात आणि अणूंच्या रांगांना सरकू देत नाहीत. साधारण ६५० अंशांपर्यंत हे कण टिकतात. त्यावर बराच वेळ ठेवलं की ते फुगत जातात, नंतर त्यांचं रूपच बदलतं आणि ताकद उतरते. म्हणून या धातूची दीर्घकाळ वापराची मर्यादा ६५० अंशांच्या आसपास धरतात.

मशीनमधून नुकत्याच निघालेल्या छापलेल्या ७१८ ची अवस्था मात्र अशी असते:

- धातू इतक्या लवकर थंड झालेला असतो की ताकद देणारे ते सूक्ष्म कण तयारच झालेले नसतात.
- नायोबियम सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ते बारीक जाळीसारखं एका ठिकाणी साचतं आणि तिथे लाव्हेस नावाचा ठिसूळ पदार्थ बनतो.
- थरांच्या आकुंचनामुळे आत ताण कोंडलेला असतो. तो न काढता पार्ट प्लेटवरून कापला तर पार्ट वाकू शकतो.

म्हणून छपाई झाली की पार्ट भट्टीत जातो. सर्वसाधारण क्रम असा: आधी कोंडलेला ताण काढण्यासाठी १,०६५ अंशांच्या आसपास तास-दीड तास. गरज असेल तर हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग, ज्याला कारखान्यात नुसतं 'हिप' म्हणतात. त्यात १,१०० ते १,२०० अंशांना, हवेच्या साधारण हजारपट दाबाखाली काही तास ठेवून आतली भोकं दाबून बुजवतात. शेवटी ताकद देणारे कण उगवण्यासाठी ७२० अंशांना ८ तास, मग ६२० अंशांना आणखी ८ तास.

फरक किती पडतो? छापलेल्या, भट्टीत न गेलेल्या ७१८ ला कायमचं वाकायला ६००-७०० मेगापास्कलच्या आसपास ताण पुरतो. पूर्ण हीट ट्रीटमेंटनंतर तोच आकडा १,००० च्या वर जातो. पार्ट तोच, दिसतोही तसाच!

इथे एक बारीक मेख आहे. घडीव ७१८ साठी वर्षानुवर्षं ९८० अंशांची ट्रीटमेंट वापरली जाते. तीच डोळे झाकून छापलेल्या पार्टला दिली तर साचलेल्या नायोबियमच्या जागी डेल्टा नावाच्या पदार्थाच्या सुया भराभर वाढतात. ताकदीच्या कणांसाठी लागणारं नायोबियम त्या खाऊन टाकतात, आणि क्रीपच्या वेळी तडे जायला जागाही देतात. म्हणून छापलेल्या धातूला आधी जास्त तापमानाला ठेवून नायोबियम सारखं पसरवावं लागतं. थोडक्यात, जुनी रेसिपी जशीच्या तशी चालत नाही.

## ६५० अंशांवर ताकद म्हणजे नेमकं किती?

मेगापास्कल हा आकडा डोळ्यासमोर येत नाही, म्हणून असं बघा. १ मेगापास्कल म्हणजे १ चौरस मिलिमीटरवर साधारण १०० ग्रॅम वजन. घडीव ७१८ साठीच्या विमानउद्योगातल्या एका प्रचलित मानकात अशी अट आहे की ६५० अंशांच्या आसपास, सुमारे ६९० मेगापास्कल ताणाखाली नमुना किमान २३ तास तुटता कामा नये. म्हणजे १ चौरस मिलिमीटरच्या तारेला ७० किलोचा माणूस लटकलाय, तार मंद लाल तापलेली आहे, आणि ती जवळपास एक दिवस तशीच टिकली पाहिजे.

छापलेला आणि नीट हीट ट्रीटमेंट केलेला ७१८ झटपट ओढून तोडायच्या चाचणीत घडीवच्या जवळ जातो. खरा फरक दिसतो तो लांब चालणाऱ्या क्रीप चाचणीत. तिथे छापलेले नमुने बऱ्याचदा कमी लांबून, अचानक तुटतात, आणि एका नमुन्याचा निकाल दुसऱ्याशी जुळतोच असं नाही.

## दिशा कोणती, हेही महत्त्वाचं

जळाऊ लाकूड उभं फोडलं तर एका घावात फुटतं. आडवं तोडायला घाम निघतो. छापलेल्या धातूतही अशी दिशा असते, कारण त्याचे कण उभ्या खांबांसारखे वाढलेले असतात.

ताण खांबांच्या दिशेने असेल तर बहुतेक कणसीमा ताणाला समांतर असतात, त्यामुळे त्या सहज उघडत नाहीत. ताण आडवा असेल तर तोच ताण सीमा उघडायला मदत करतो. म्हणून बऱ्याच क्रीप चाचण्यांत उभे छापलेले नमुने आडव्या नमुन्यांपेक्षा जास्त टिकलेले दिसतात. पार्ट मशीनमध्ये कसा ठेवून छापायचा, हा निर्णय म्हणजे फक्त जागा वाचवण्याचा प्रश्न नाही.

## भोकं आणि खडबडीत पृष्ठभाग

छपाईत दोन प्रकारची भोकं राहू शकतात. वायू अडकून झालेली गोल भोकं आणि पावडर नीट न वितळल्यामुळे दोन थरांत राहिलेल्या चपट्या फटी. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण फटीच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

हिप केल्यावर बरीचशी भोकं बुजतात, पण आरगॉन अडकला असेल तर तो धातूत विरघळत नाही. पुढे खूप तापवल्यावर तीच भोकं परत थोडी उघडू शकतात. शिवाय पृष्ठभागापर्यंत उघडी असलेली भोकं हिपने बुजत नाहीत.

पृष्ठभागावर अर्धवट वितळलेले दाणे चिकटलेले असतात. बाहेरून पॉलिश करता येतं, पण आतल्या नागमोडी नळ्यांना हात पोहोचत नाही. इंजिन सुरू-बंद होताना धातू तापतो, निवतो, पुन्हा तापतो. अशा वेळी हे खडबडीत कोपरे तडा सुरू व्हायची जागा ठरतात.

## कोणता छापलेला धातू कुठपर्यंत?

- ॲल्युमिनियम-सिलिकॉन, एएलएसआय१०एमजी: कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा. छापल्यावर आत सिलिकॉनची बारीक जाळी असते, म्हणून ओतीवपेक्षा मजबूत. पण २०० अंशांच्या पुढे ताकद झपाट्याने उतरते आणि ३०० अंशांना काही तासांतच जाळी तुटते.
- टायटॅनियम, टीआय-६४: हलका आणि मजबूत. साधारण ४०० अंशांपर्यंत. त्यावर तो हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होत जातो.
- इन्कोनेल ७१८: ६५० अंशांच्या आसपास.
- जास्त ॲल्युमिनियम-टायटॅनियम असलेले निकेल सुपरअलॉय: उष्णतेत सगळ्यात चांगले, पण छापायला सगळ्यात अवघड. छापतानाच किंवा नंतर भट्टीत तडे जातात.
- तांबं-क्रोमियम-नायोबियम: नासाने रॉकेटच्या ज्वलनकक्षासाठी विकसित केलेलं कुटुंब. ताकद निकेलपेक्षा कमी, पण उष्णता पटकन वाहून नेतं.
- जीआरएक्स-८१०: निकेल-कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू. नासाने खास छपाईसाठीच बनवलेला. पावडरच्या दाण्यांवर यट्रियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म लेप असतो, तो छपाईनंतर धातूभर पसरतो आणि उष्णतेत वितळत नाही. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निकालांनुसार १,०९३ अंशांना त्याची ताकद छपाईत नेहमी वापरल्या जाणाऱ्या निकेल मिश्रधातूंच्या दुप्पट आणि क्रीपमधला टिकाऊपणा हजारपटीहून जास्त आहे.

## मोबाइलवर करून बघा: ५० अंशांची किंमत

क्रीपच्या चाचण्या वर्षानुवर्षं करत बसणं शक्य नसतं. म्हणून जास्त तापमानाला कमी वेळ चाचणी करून अंदाज बांधतात. लार्सन आणि मिलर यांनी १९५२ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे:

केल्विन तापमान × (२० + तासांचा लॉग) = स्थिर आकडा

समजा, एक पार्ट ७०० अंशांना, म्हणजे ९७३ केल्विनला, १०० तास टिकला. १०० चा लॉग २. म्हणून ९७३ × २२ = २१,४०६.

आता तोच ताण, पण ६५० अंश, म्हणजे ९२३ केल्विन. २१,४०६ भागिले ९२३ म्हणजे साधारण २३.१९. त्यातून २० वजा केले की उरतात ३.१९. फोनच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर १० चा ३.१९ वा घात काढा. उत्तर येतं साधारण १,५५० तास.

फक्त ५० अंश कमी, आणि आयुष्य जवळपास पंधरापट! उलट ७५० अंशांना नेलं तर तोच पार्ट ८ तासांच्या आसपास टिकेल. यातला २० हा आकडा प्रत्येक धातूला थोडा बदलतो, त्यामुळे हा अंदाज आहे, हमी नव्हे.

## मग उष्णतेच्या जागी छापायचंच कशाला?

आताच्या गणितातच उत्तर आहे. छपाईमुळे पार्टच्या आत हव्या तशा नागमोडी नळ्या ठेवता येतात, आणि त्यातून थंड हवा किंवा इंधन फिरवता येतं. धातू ५० अंशांनी जरी थंड राहिला, तरी बारीक कणांमुळे झालेला तोटा भरून निघू शकतो. सोबत वेल्डिंगचे सांधेही कमी होतात.

जेट इंजिन: जीई आणि फ्रान्सच्या सॅफ्रान यांच्या लीप इंजिनातला इंधनाचा नोझल कोबाल्ट-क्रोमियममध्ये छापतात. आधी २० भाग जोडून जो बनायचा, तो आता एकाच तुकड्यात बनतो आणि सुमारे २५ टक्के हलका आहे. इंडिगोच्या बऱ्याच एअरबस विमानांना हीच इंजिनं आहेत, म्हणजे मुंबई-नागपूर विमानात बसलात तर छापलेला धातू तुमच्यासोबत उडत असण्याची चांगलीच शक्यता आहे.

गॅस टर्बाइन: सीमेन्सने फेब्रुवारी २०१७ मध्ये जाहीर केलं की छापलेली पाती १३ मेगावॅटच्या टर्बाइनमध्ये मिनिटाला १३,००० फेरे आणि १,२५० अंशांपेक्षा जास्त तापमानाला चालवून पाहिली. हे तापमान वायूचं आहे हे विसरू नका. पात्याच्या आतून थंड हवा फिरते, त्यामुळे धातू त्यापेक्षा बराच थंड असतो.

इस्रो: पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं छापलेलं पीएस४ इंजिन ९ मे २०२४ रोजी महेंद्रगिरीला ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांचा एक झाला, १९ वेल्ड गेले. आधी ५६५ किलो कच्चा माल लागायचा, आता १३.७ किलो पावडर पुरते.

अग्निकुल: चेन्नईच्या या कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून एकाच तुकड्यात छापलेल्या इंजिनावर चाचणी रॉकेट उडवलं.

इथे वेळेचा फरक बघा. रॉकेटचं इंजिन काही मिनिटं चालतं. वीजकेंद्राच्या टर्बाइनला हजारो तास चालायचं असतं. रॉकेटमध्ये यशस्वी झालेला पार्ट टर्बाइनमध्ये चालेलच असं नाही, कारण क्रीप वेळ मागतो.

## चुकलं तर काय होतं?

१८ मार्च २०२५ रोजी ब्रिटनच्या ग्लॉस्टरशायर विमानतळावर एक छोटं खासगी विमान उतरताना इंजिनाची शक्ती गेली आणि ते धावपट्टीच्या आधीच कोसळलं. वैमानिक किरकोळ जखमी झाला. तपासात कारण सापडलं: इंजिनाला हवा देणारा थ्रीडी प्रिंट केलेला कोपरा उष्णतेने मऊ होऊन दबला होता. तो प्लॅस्टिकचा होता, धातूचा नव्हे. विकताना सांगितलेलं साहित्य १०५ अंशांपर्यंत मऊ होणारं नव्हतं, पण तपासलेले नमुने ५३-५४ अंशांना मऊ व्हायला लागले.

धडा धातूलाही तोच लागू आहे. पार्ट बसवताना घट्ट बसला होता, थंड असताना ठीक होता. तो तापल्यावर काय करेल हे कोणी तपासलं नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये असेल, तर सायलेन्सरजवळ ॲल्युमिनियमचा छापलेला ब्रॅकेट लावण्याआधी हे आठवा. व्हेंडरच्या शीटवर छापलेली ताकद बहुतेक वेळा खोलीच्या तापमानाची असते.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छापलेला धातू घडीवपेक्षा कमी दर्जाचा असतो का?
सरसकट नाही. धातू, मशीन, दिशा, हीट ट्रीटमेंट आणि वापर या सगळ्यांवर ते ठरतं.

फोन किंवा घड्याळातला छापलेला टायटॅनियम उन्हात कमजोर होईल का?
नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर फोन तापला तर आधी बॅटरी आणि स्क्रीनला त्रास होईल.

नुसती हिप केली तर पुरतं का?
नाही. हिप भोकं बुजवते. ७१८ सारख्या धातूत ताकद देणारे कण उगवायला वेगळी हीट ट्रीटमेंट लागतेच.

## बातमी वाचताना हे पाच प्रश्न विचारा

'जगातला सर्वात मजबूत थ्रीडी प्रिंटेड धातू' असं शीर्षक दिसलं की थांबा आणि शोधा:

१. ही ताकद किती अंशांवर मोजली?
२. किती वेळ? सेकंद, तास की हजारो तास?
३. ताण कोणत्या दिशेने होता, उभा की आडवा?
४. नमुना मशीनमधून थेट काढलेला होता की हीट ट्रीटमेंट केलेला?
५. सांगितलेलं तापमान वायूचं आहे की धातूचं?

पाचही उत्तरं मिळाली तर बातमीत दम आहे. एकही मिळालं नाही, तर तो आकडा थंड धातूचा आहे असं समजून चाला, आणि पार्ट गरम जागी लावायचा असेल तर आधी चाचणीचा कागद मागा.